कच्चा टाका

पहार गेटच्या मध्यावर लावायची नाही. बिजागरीच्या बाजूला, कोपऱ्यापासून चार बोटं सोडून लावायची. खाली अर्धी वीट, विटेखाली गोणपाटाची घडी, म्हणजे फरशीवर ओरखडा राहत नाही आणि संध्याकाळी कुणी काही विचारत नाही. मग पहारीच्या मागच्या टोकावर उजवा पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी गेटचे गज धरायचे आणि घाई न करता अंगाचं वजन सोडायचं.

दिनानाथ टोकेकरांनी वजन सोडलं. गेट कुरकुरलं, पाऊण इंच वर उचललं गेलं आणि चौकटीच्या खुंट्यांवर बसलेल्या त्याच्या दोन्ही नळ्या एकदम मोकळ्या झाल्या. त्यांनी गेट खांद्याने जरासं बाहेर ढकललं. पलीकडच्या बाजूला कुलूप होतं तसंच लटकत होतं, भलं मोठं आणि इमानदार. बिजागरीकडून मात्र वीतभर फट पडली होती. एकोणसत्तर वर्षांच्या वाळक्या माणसाला आडवं होऊन निघायला तेवढी पुरते.

"खजरान्याच्या राजा, सांभाळ रे बाबा," असं पुटपुटत ते ओट्यावर आले आणि मागे गेट नुसतंच टेकवून ठेवलं. गल्लीतून पाहणाऱ्याला वाटावं, बंद आहे.

हा नववा दिवस होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मुलगा मनीष साडेसातला राऊच्या वर्कशॉपला जायचा. सून सुरभी एका खासगी शाळेत गणित शिकवायची. ती आठला निघायची, निघताना बाहेरून कुलूप लावायची आणि किल्ली पर्समध्ये टाकायची, ती दुपारी साडेतीनला परत यायची. मधले साडेसात तास दिनानाथ, दोन खोल्या आणि पुढचा जाळीबंद वऱ्हांडा. जेवण टेबलावर झाकलेलं, पाणी भरलेलं, मोबाइल चार्ज केलेला, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हाताशी. नाव ठेवायला कुठे जागा नाही. जावयाचीही एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही, फक्त जावयाला कुणी कोंडत नाही.

कुलपाला कारण होतं आणि ते दिनानाथांनाही कबूल होतं. काचबिंदूने डावा डोळा गेलाच होता. उजव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. समोरचं माणूस दिसे, बाजूने येणारी गाडी दिसत नसे. जानेवारीत एका ई-रिक्षाने उडवलं, कपाळ फुटलं. मार्चमध्ये पाइपासाठी खणलेल्या चरात पडले आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले, कारण चढायची बाजू कुठली ते कळेना. दोन्ही वेळा फोन सुरभीलाच गेला. मनीषला कटरच्या आवाजात फोन ऐकू येत नसे. दुसऱ्या वेळी ती परीक्षेचा वर्ग तसाच सोडून धावत आली. त्यांना चरातून काढताना तिच्या साडीला चिखल लागला तो लागलाच, वर दुसऱ्या दिवशी शाळेतही ऐकून घ्यावं लागलं.

"प्रिन्सिपल मॅडमने आज अर्धा घंटा ग्रिल केलं मला," ती संध्याकाळी मनीषला सांगत होती.

"ग्रिल?" दिनानाथांनी पलंगावरून विचारलं.

"मतलब, सवाल पे सवाल, बाबा. घरी दुसरं कोणी नाही का, दर वेळी तुम्हीच का जाता, नोकरी करायची आहे की नाही."

चव्वेचाळीस वर्षं दिनानाथांनी हा शब्द विकला होता. परदेशीपुऱ्यात ग्रिल म्हटलं की टोकेकर, असं समीकरण होतं. खिडकीची ग्रिल, गॅलरीची ग्रिल, जिन्याची ग्रिल. नंतर मोटारीच्या तोंडाशी असते तिलाही ग्रिल म्हणतात असं कळलं. परवापरवा कोपऱ्यावर सँडविचचं दुकान निघालं, त्याच्या पाटीवरही मोठ्या अक्षरांत ग्रिल. आता माणसाला उभं करून भाजतात, तीही ग्रिलच. आपल्यामुळे सुनेला ती सोसावी लागली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. म्हणूनच दोन दिवसांनी मनीषने कुलूप आणलं तेव्हा ते एक अक्षर बोलले नाहीत. मनीषने बापाच्या नजरेला नजर दिली नाही. तसंही ते आता सोपं राहिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस ते शहाण्यासारखे बसले. रेडिओ ऐकला, झोपले, उठले, पुन्हा झोपले. चौथ्या दिवशी मात्र त्यांना श्वास घेता येईना. दम्याचा त्रास नव्हता, छातीवर कसलं दुखणं नव्हतं. पण आपण हाक मारली तरी बाहेर जाता येणार नाही, हा एकच विचार डोक्यात आला आणि तो जाईना. ते गेटपाशी गेले, गज हलवले, सहज बिजागरीवरून हात फिरवला, आणि थबकले.

बिजागरीवर चकती नव्हती.

लोखंडी गेट खुंटीवर नुसतं बसवलेलं असतं. ते कुणी उचलून काढू नये म्हणून नळीच्या वर खुंटीला एक लहानशी चकती वेल्ड करतात. टोकेकरांनी आयुष्यात हजारभर गेटं बसवली असतील, प्रत्येकाला चकती मारली होती. चकती न मारणारा कारागीर चोराचा मेव्हणा, असं ते मनीषला शिकवत असत. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र, दिवाळीला रंग देताना गेट काढता यावं म्हणून, नंतर मारू म्हणून सोडून दिलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. एरवी लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्या दिवशी दिनानाथ एकटेच उभ्या उभ्या हसले.

स्वतःला त्यांनी एक अट घातली होती. रस्ता ओलांडायचा नाही. आपल्याच गल्लीने, आपल्याच बाजूने, डावा हात भिंतींना लावत कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे विष्णूच्या इस्त्रीच्या गाडीपाशी तासभर बसायचं आणि आलेल्या वाटेने परत. चाळीस घरं. गाडीचा संबंध नाही, चराचा संबंध नाही. यात काय चूक आहे ते त्यांना कुणी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, फक्त त्यासाठी आधी ते जातात हे सांगावं लागलं असतं.

आणि चाळीसातल्या सव्वीस घरांना त्यांचंच काम होतं. हात लागला की कळायचं. ही चौकोनी सळई, म्हणजे रानडे. रानड्यांना माकडांची भीती. त्यांच्या मुलाचा हात माकडाने ओरबाडला होता, त्यामुळे गज इतके जवळ घ्यायला लावले की आत उजेड जाईना. पुढे गोल सळई, मध्ये फुलाची नक्षी. तिथे चोरी झाली होती, पण घरमालकीण म्हणाली, घराला तुरुंगाची कळा नको, फूल काढा. त्याच्या पलीकडे गॅलरीची उंच ग्रिल, पोटाच्या उंचीपर्यंत आडवी पट्टी एकही नाही. पोर चढून पडू नये म्हणून. ते पोर आता महूला फौजेत आहे.

चव्वेचाळीस वर्षांत दिनानाथ हे एकच शिकले होते. टेप घेऊन खिडकीपाशी उभं राहिलं की मालक आधी माप सांगत नाही, भीती सांगतो. कुणाला चोराची, कुणाला माकडाची, कुणाला स्वतःच्या पोरीची. मागायला सगळे एकच वस्तू मागतात, पण हवी असते प्रत्येकाला वेगळी. बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून करतात ती, आणि आतल्याने बाहेर जाऊ नये म्हणून करतात ती, दोन्ही सारख्याच लोखंडाच्या.

"आओ दादा, आज लेट हुई गया?" विष्णूने कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून स्टूल पुसलं.

"गेट भारी होत चाललंय रे."

"गेट भारी नी हुयो. तम हलका हुई रिया हो."

दिनानाथ हसले. विष्णू मूळचा माळव्यातल्या खेड्यातला, तीस वर्षं याच कोपऱ्यावर. दिनानाथ कसे येतात हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"बहूजी ने पतो चली गयो तो?" विष्णूने विचारलं.

"नाही कळत. ती बिचारी थकून येते. गेट कुठे बघते."

"मनीष भिया ने बोली दो सीधो. एक चाबी तम रखो."

"चाबी घेऊन मी कुठे जाईन त्याचा त्यांना भरोसा नाही. आणि खरं सांगू, मलाही नाही." दिनानाथांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. "यशोधराबाई आठवतात तुला? तीन नंबरच्या घरातल्या?"

विष्णूला आठवत होत्या. दिनानाथांना तर त्या विसरताच येत नव्हत्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने जिन्याच्या तोंडाशी ग्रिलचं दार करायला सांगितलं होतं. आई दिवसभर वर एकटी असते, कुणालाही वर घेते, म्हणून. दिनानाथ माप घेत असताना म्हातारी हळूच जवळ आली आणि म्हणाली, "टोकेकर, माझा हात बाहेर कुलपापर्यंत जाईल एवढी जागा ठेवा हं. किल्ली मी मागून घेईन त्याच्याकडून." त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "बिलकुल नको, उलट तिथे पत्रा मारा." दिनानाथांनी पत्रा मारला. गिऱ्हाइकाचं काम होतं. म्हातारी पुढे चार वर्षं जगली. गल्लीतून जाताना दिनानाथ त्या घराकडे मान वर करत नसत.

"मी पत्रा मारला, विष्णू. चारही बाजूंनी पक्का मारला."

विष्णूने इस्त्री उचलली आणि एका शाळेच्या गणवेशावर फिरवली.

त्या दिवशी गप्पांत वेळ गेला. परत निघाले तेव्हा ऊन चढलं होतं, एप्रिलमधलं. घरापाशी येईपर्यंत दिनानाथांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. फटीतून आत शिरले, पाणी प्यायले, पहार लावली. गेट उचललं गेलं, पण नळ्या खुंट्यांवर येईनात. पाय घसरला, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी खालची नळी बसल्याचा ठक् असा आवाज आला. त्यांनी खालच्या बिजागरीला हात लावून पाहिलं. बसली होती. वरचीला हात लावायचा तर हात उचलायला हवा होता, आणि हात उचलवत नव्हता. खालची बसली म्हणजे वरचीही बसतेच, असं त्यांनी मनाशी म्हटलं. शिकाऊ पोराने असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली असती. पहार आणि वीट पलंगाखाली सरकवून ते आडवे झाले.

साडेतीनला कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि त्यामागोमाग दुसरा आवाज झाला. तो त्यांना आयुष्यभर पुरला असता. लोखंड फरशीवर पडल्याचा, आणि त्याखाली सुरभीची किंकाळी.

ते धावले. धावताना टेबलाला आपटले. वऱ्हांड्याबाहेर ओट्यावर गेट आडवं पडलं होतं आणि सुरभी भिंतीला टेकून बसली होती. तिने एक पाय बाहेर काढला होता, दुसरा निघत नव्हता. दिनानाथांनी गज धरले. सकाळी जे गेट पहारीशिवाय हललं नसतं ते त्यांनी नुसत्या हातांनी उचललं. कसं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

"बाबा, हे पडलं कसं?" ती कण्हत म्हणाली. "सुबह तर नीट होतं."

दिनानाथांना खोटं बोलता आलं असतं. सव्वीस वर्षांचं गेट, झिजलं असेल. ते तिच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"मी काढलं होतं," ते म्हणाले. "मी रोज काढतो. विष्णूकडे जातो. आज परत नीट लागलं नाही."

सुरभी रागावेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना ते हवंही होतं. पण ती दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागली.

"मी काय करू सांगा नं बाबा," ती म्हणाली. "शाळेत फोन वाजला की मी खडू टाकून धावते. फळ्यावर गणित अर्धं राहतं. पोरं हसतात. कुलूप लावलं तर मी वाईट, गल्लीतल्या बायका बघतात माझ्याकडे. नाही लावलं आणि तुम्हाला काही झालं, तरी मीच वाईट. मला पण कोणी सोडवा की यातून."

दिनानाथांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन ती या घरात आली त्यानंतर पहिल्यांदाच ठेवला असेल. मग त्यांनी मनीषला फोन लावला, आणि त्या दिवशी त्याला तो ऐकू आला.

पायाच्या दोन बोटांची हाडं मोडली होती. प्लास्टर झालं. सुरभीने पंधरा दिवसांची रजा घेतली आणि ते पंधरा दिवस घर उघडं होतं. गेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, दारात काहीच नव्हतं, आणि दिनानाथ एकदाही ओट्याखाली उतरले नाहीत. विष्णू एकदा येऊन विचारून गेला. ते म्हणाले, "गुडघा दुखतोय." सुरभीने हे ऐकलं आणि त्या दिवशी तिने त्यांच्या चहात त्यांना आवडतं तसं आलं घातलं.

रजा संपायच्या आदल्या रविवारी मनीषने वर्कशॉपवरून वेल्डिंगची मशीन आणली. गेट बसवलं, खुंट्यांना तेल दिलं. सुरभी ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहत होती, प्लास्टरचा पाय समोर स्टुलावर. दिनानाथ आत पलंगावर बसले होते. आज काय होणार आहे ते त्यांना माहीत होतं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं. त्या पडलेल्या गेटचा आवाज अजून त्यांच्या कानांत होता.

मनीषने काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढला. चर्रर आवाज झाला आणि लगेच थांबला. मग वरच्या बिजागरीपाशी, तोही तेवढाच.

"झालं," मनीष म्हणाला.

"पक्कं नं?" सुरभीने विचारलं.

"हो."

दिनानाथांच्या कानांना ते पटलं नव्हतं. एवढ्याशा वेळात चकती लागत नसते. ते उठले, वऱ्हांड्यात आले. लोखंड निवेपर्यंत थांबले आणि मग वेल्डवरून बोट फिरवलं. डोळ्यांनी साथ सोडली तरी बोटं शाबूत होती.

"मनीष, काय आहे हे?"

"चकती आहे, बाबा."

"चकती कळतेय मला. टाका काय मारलाय हा? चण्याएवढा. पाऊण चकती मोकळीच आहे."

"पुरे आहे. घरचं काम आहे."

"घरचं म्हणून कच्चं?" दिनानाथांचा आवाज चढला. कितीतरी महिन्यांनी असा चढला होता आणि त्यांना त्याचं बरंही वाटलं. "लोकांकडे असंच करतोस का तू? टोकेकरांचं नाव लावून फिरतोस आणि असे टाके मारतोस? हातोडीच्या एका ठोक्यात निघेल हे."

"बाबा, राहू द्या नं." मनीष अगदी हळू म्हणाला.

"राहू द्या काय? एक ठोका. पोरगंसुद्धा पाडेल."

सुरभी खुर्चीत सरळ झाली. "एका ठोक्यात निघेल? मग फायदा काय, मनीष? पुन्हा कोणाच्या अंगावर पडलं तर?"

मनीष तिच्याकडे पाहत होता, मग बापाकडे पाहत होता. बापाला ते दिसलं नाही. बापाला फक्त तो खराब टाका लागत होता, बोटाखाली, खडबडीत, एका बाजूला भोक पडलेला. हाच पोरगा, वयाच्या सोळाव्या वर्षी याला हात धरून वेल्ड शिकवला होता, आणि आज बापाच्या दारात असं काम.

"करंट वाढव," दिनानाथ म्हणाले. "रॉड नवीन घे. आणि पूर्ण गोल फिरव, मी ऐकतोय."

मनीषने करंट वाढवला. मुखवटा ओढला. या वेळी आवाज एकसारखा येत होता, कढईत फोडणी तडतडावी तसा, कुठे खंड नाही. दिनानाथ तोंड फिरवून उभे होते आणि मान हलवत होते. "असंच. घाई नको. वळणावर थांबू नको. हां." खालची झाली, वरची झाली. मनीषने हातोडीने वरची खपली झाडली. दिनानाथांनी बोट फिरवलं. चारी बाजूंनी भरलेला, गुळगुळीत, सलग वेल्ड होता. टोकेकरांचा.

"हे झालं काम," ते म्हणाले.

"चहा ठेवते मी," सुरभी म्हणाली आणि भिंत धरत, पाय ओढत आत गेली.

मनीषने मुखवटा वर केला नाही. काम संपलं की कारागीर आधी तो काढतो, त्यात घाम फार येतो. दिनानाथांनी वाट पाहिली. मग त्यांना त्याच्या श्वासाचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"कच्चा टाका मी मुद्दाम मारला होता, बाबा."

दिनानाथांना आधी कळलंच नाही.

"हातोडी तुमच्या गादीखाली ठेवलीये सकाळी, पहार पलंगाखाली आहेच," मनीष काचेआडून म्हणाला. "रात्री सांगणार होतो. सकाळपासून बंद घरात तुम्ही एकटे. शॉर्टसर्किट झालं, काही झालं, तर मी राऊला, ही शाळेत. एक ठोका मारून तुम्ही निघाला असता. आणि तसं काही नाही झालं, नुसतं जीव घुसमटला, तरी निघाला असता. महिन्यातून एखाद वेळा. मी परत टाका मारला असता, हिला नसतं सांगितलं."

वऱ्हांड्यात वेल्डिंगचा वास भरून राहिला होता.

"मग सांगायचं नं," दिनानाथ म्हणाले.

"तिच्यासमोर? मला वाटलं तुम्हाला कळेल. तुम्हाला हाताने सगळं कळतं."

"कळलं की," दिनानाथ म्हणाले. "कच्चा आहे हे कळलं."

त्यांना स्वतःचा असा राग आला की भिंतीवर डोकं आपटावं. पोराने बापासाठी पळवाट ठेवली होती, बापानेच शिकवलेल्या हाताने, आणि बापाला त्यात फक्त खोट दिसली. पण रागाखाली दुसरंही काहीतरी होतं आणि ते त्यांना नाकारता येईना. आपला पोरगा कामात कच्चा नाही, हे कळून त्यांना बरं वाटत होतं.

मनीषने मुखवटा काढला, बाहीने तोंड पुसलं. "ग्राइंडर गाडीत आहे. दोन मिनिटांचं काम आहे. काढून टाकतो, परत कच्चा मारतो. बोला."

आत कपबश्यांचा आवाज होत होता. प्लास्टरचा पाय नळापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून फळीपर्यंत घासत होता. चहा गाळायचा थांबला आणि सुरभीने आतूनच विचारलं, "झालं नं सगळं? उद्या मी जाऊ शकते नं बिनफिकीर?"

मनीष बापाकडे पाहत उभा राहिला.

"जा तू," दिनानाथांनी आत आवाज दिला. "पक्कं झालंय." मग हळू आवाजात मनीषला म्हणाले, "ग्राइंडर नको आणू. रेड ऑक्साइडचा एक हात मार तेवढा, नाहीतर पहिल्या पावसात गंजेल."

सोमवारी मनीष साडेसातला गेला. सुरभी आठला निघाली, खांद्याला पर्स, प्लास्टरच्या पायात मनीषची सैल चप्पल. तिने गेट लोटलं, पण नवीन चकत्यांमुळे गेटची जुनी ढील गेली होती. कडीचं भोक कुलपाशी जुळेना. तिने एका पायावर उभं राहून दोनदा ओढून पाहिलं. रिक्षावाला कोपऱ्यावरून हॉर्न देत होता.

"बाबा, हे लागतच नाहीये."

दिनानाथ पलंगावरून उठले. वऱ्हांड्यात आले, चाचपून दोन गज धरले आणि पाय भिंतीला टेकवून गेट आतल्या बाजूला ओढलं.

"आता लाव."

कुलूप लागलं.

"एकदा हलवून बघ," ते म्हणाले.

तिने हलवून पाहिलं. गेट जागचं हललं नाही. "लागलं," ती म्हणाली. "डाळ-भात झाकून ठेवलाय, बाबा."

"हौ. जा तू. रिक्षा थांबलीये."

तिची सैल चप्पल गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. तोवर त्यांनी गज सोडले नाहीत.